पाठ

विलेम गेल्यापासून माझी पाठ कुणी पाहिलेली नाही.
म्हणजे, कोटावरून पाहतात,
फेरीच्या रांगेत, चर्चच्या बाकावर.
मी कातडीबद्दल बोलते आहे.

उन्हाळ्यात मेंढ्या जुनिपरच्या रानातून परत आणल्या
की तो मला खिडकीपाशी उभी करायचा.
चष्मा नाकाच्या टोकाला, हात गार.
हलू नकोस.
काखेत, कानामागे, गुडघ्याच्या लवणीत,
मग पाठ, वरून खाली, रांगोळीचे ठिपके मोजावेत तशी.
खसखशीएवढी गोचीड आणि जन्माचा तीळ
यांतला फरक कळायला त्याला एक उन्हाळा लागला,
पुढचे एकेचाळीस
माझे तीळ त्याला पाठ होते.

त्याची आई गोचिडीला लोणी फासायची.
लोणी पावाला लाव, तो म्हणायचा,
आणि चिमटा कातडीला टेकवून
तिचं तोंड धरायचा, पोट नाही,
सरळ वर, सावकाश, न पिळता.
मग साबण, पाणी,
आणि कॅलेंडरवर शिसपेन्सिलीने:
बारा जून, डावी मांडी.
आमच्या घरात प्रेमपत्रं ही एवढीच.

यंदाचं कॅलेंडर कोरं आहे.
दोन आरसे धरून पाहिलं मी,
पण आरशात डावं उजवं होतं
आणि मान दुखते.
मान दुखत होतीच. अंगात कणकण होती.
गवत कापून थकले म्हटलं, वय झालं म्हटलं.
वय ही माझी एकच बरणी,
सगळी दुखणी त्यात.

शनिवारी सॉनात वाइके माझ्यामागे बसली होती.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई,
वाफेतून तिला सगळं दिसतं.
हे काय गं? तवा टेकला की काय?
पंजाएवढं लाल, ती म्हणाली,
मध्ये फिकं, कडेला गडद.
खाजतं?
नाही.
दुखतं?
नाही.
तेच तर, असं म्हणून तिने
तिच्या भावाची आठवण काढली,
ज्याचं अर्धं तोंड एका हिवाळ्यात
महिनाभर रुसून बसलं होतं.

अंग कोरडं केल्यावर
तिने बॉलपेनने लालाच्या कडेकडेने रेघ मारली.
मला गुदगुल्या झाल्या. चार वर्षांनी.
सोमवारी सकाळी लालाने रेघ ओलांडली होती,
बोटभर,
आमच्या मेंढ्या कुंपण ओलांडतात तशी, न विचारता.

फेरीने हाप्सालूला गेलो.
डॉक्टर त्रीनू माझ्या नातीच्या वयाची.
कधी चावली?
कळलंच नाही, म्हटलं.
पुष्कळांना कळत नाही, ती म्हणाली.
रक्त तपासायचं ना?
इतक्या लवकर रक्त बोलेलच असं नाही, आजी.
तुमची पाठ बोलते आहे, तेवढं पुरे.
डॉक्सिसायक्लिन, दिवसातून दोनदा, चौदा दिवस,
पेलाभर पाण्याबरोबर,
घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही,
उन्हात झाकून राहायचं,
बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत.
ऊन टाळायचं! जुलैत! वोर्मसीवर!
आठ महिने वाट पाहायची आणि ते आलं की टोपी घालायची.
मी हसले. तिने टोपीचंही लिहून दिलं.

अकराव्या दिवशी कडं विझलं,
पेनाची रेघ मात्र राहिली थोडी.

आता वाइके येते, शनिवार नसला तरी.
सात, ती म्हणते.
नऊ आहेत.
सातच आहेत.
मोज पुन्हा, मी म्हणते, मला घाई नाही.

परवा विचारलं, तुझी कोण पाहतं?
ती म्हणाली, स्वयंपाकिणीचे लोक हात पाहतात.
वळ, म्हटलं.
सत्तर वर्षांची शेजारीण,
आणि पाठ पहिल्यांदाच पाहिली तिची,
पिठासारखी पांढरी.
एक तीळ होता. दोन.
तिसऱ्याला पाय होते.

चिमटा कुठे आहे,
आणि हलू नकोस.