तिसरं गृहीतक

डिचोलीच्या बाजारात, टायरच्या दुकानावर माझा क्लास.
रबराचा वास जिन्यानं वर येतो,
पहिल्या बाकावर बसतो, फी भरत नाही.

फळ्यावर मी लिहिते:
विधान – फेरीबोटीत चढल्यावर गाडीचं इंजिन बंद करा.
गृहीतक एक – पाटी वाचणारे ती पाळतील.
गृहीतक दोन – चालू इंजिनानं अपघात होऊ शकतो.
फक्त एक, फक्त दोन, दोन्ही, की एकही नाही?

'दोन्ही,' सगळे म्हणतात. उत्तरसूचीही तेच म्हणते.
मागून उगम मळीक:
"मॅडम, तिसरं खंय?"
कुठलं तिसरं?
"फेरी येतली, तें."

पोरं हसली.
तो सारमानसच्या धक्क्याकडचा.
खनिजाच्या बार्जींची रांग त्यानं पाहिली आहे,
आणि नंतर, बरीच वर्षं,
रांगेएवढंच लांब पाणी.

मी नियम सांगते. दर सोमवारी सांगते:
बोलणाऱ्यानं न बोलता काय धरलंय, तेवढं शोध.
ते खरं आहे का, हा प्रश्नच नाही.
खऱ्याला इथे गुण नाहीत.
आणि 'च' दिसला की थांब.
'च' लागलेलं गृहीतक
शंभरातली नव्वद वेळा चूक असतं.

तो घरून विधानं करून आणतो.
निळ्या शाईत, मार्जिन आखून:

विधान – बाबा दर शनिवारी टिप्पर धुतात.
(टायर मॅडमच्या खालच्या दुकानात विकले.
चार चिऱ्यांवर उभा आहे. हौद्यात गवत.)
गृहीतक एक – खाण सुरू होईल.
गृहीतक दोन – खाण सुरू होईलच.

मी त्या 'च'भोवती लाल गोल केला.
मग वाटलं, शाई जरा जास्तच उमटली.
खाली लिहिलं: बरोबर. फक्त एक.
तो म्हणाला, "बाबांना विचारलं, ते दोन म्हणाले."

कारकुनाच्या तेरा जागा.
अर्ज भरताना एका रकान्यापाशी त्याचं पेन अडलं –
वडिलांचा व्यवसाय.
एक ओळ, त्यातही अर्धी कंसानं खाल्लेली.
एवढ्यात मावेल, हे कुणी धरलं, मॅडम?
मला उत्तर आलं नाही.
मी म्हटलं, पुढचा रकाना घे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी
त्यानं माझा डस्टर खिडकीवर झटकला,
जिन्यात चपला शोधल्या
आणि खालूनच ओरडला, "येतो, मॅडम!"

जातो म्हणत नाहीत आपल्यात.
अडीच अक्षरंही नाहीत, आणि आत
केवढं सामान भरलेलं –
जिना असेल, मी असेन,
सहाची कदंबा सुटेल आणि परतही येईल,
पणजीत ज्यानं ही प्रश्नपत्रिका काढली
त्यानं कधीतरी धक्क्यावर उभं राहून
नदीकडे पाहिलं असेल.

"ये," मी म्हटलं.

त्यात मी काय धरलं होतं
ते अजून तपासलेलं नाही.