टाकी क्रमांक सहा

काल संध्याकाळी आलिंग पासितानं
निसवलेल्या लोंबीतलं एकेक फूल टोकाशी तिरकं छाटलं,
आतले सहाही परागकोश चिमट्यानं उचलले,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून
काडेपेटी सोडवून घ्यावी तसे.

आज सकाळी नऊ. लोस बान्योस. माकिलिंग डोंगर ढगात.
एकतीस वर्षं ती हे करते आहे.
जनुकांची अक्षरं तिला वाचता येत नाहीत.
मला येतात, म्हणून मी सांगतो,
परागकण पाच मिनिटं जगतो.
"पुस्तकात वारा नसेल, नोनिलोन," ती म्हणते, "आज तीनच."
आणि बापाची लोंबी आईवर झटकते.
वर कागदी पिशवी, टाचणी, पेन्सिलीनं तारीख.
(शाई पावसात पळून जाते.)

आई बुटकी, भरघोस, सगळ्या मंत्र्यांची लाडकी.
बाप कुठल्याशा पूरगावचा.
दाणा लाल, जाडा. शीतगृहातल्या पाकिटावर नुसता आकडा.
नाव होतं म्हणे.
देणाऱ्या म्हातारीनं दोनदा सांगितलं,
लिहिणाऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती हसली.
रकाना अजून मोकळा आहे.

अशाच एका जोडीची नातवंडं
गेल्या महिन्यात सहाव्या टाकीत बुडवली,
चौदा दिवस, मीटरभर पाणी, मुद्दाम गढुळलेलं.
तिसऱ्या दिवसापासून कडेच्या ओळी पळू लागल्या.
वर, वर.
पेरं ओढत, पानं ताणत,
साठवलेली साखर जाळत,
हवा कुठेतरी आहे एवढ्याच भरवशावर.
मधल्या ओळींनी काहीच केलं नाही.
त्यांच्यात एक जनुक आहे. पाणी डोक्यावरून गेलं
की ते एवढंच म्हणतं: आत्ता नको.

पंधराव्या सकाळी बूच काढलं.
कडेची रोपं चिखलावर आडवी,
भिजल्या सुतळीसारखी लांबच लांब.
मधलीही मेलेली. तपकिरी. कुजका वास.
मी वहीत शून्य लिहायला घेतलं.
तिनं पेन्सिलच काढून घेतली,
उकिडवी बसली, एका बुडख्याला बोटानं दाबून पाहिलं,
मग दुसऱ्याला.
"टणक आहे. आठ दिवसांनी मोज."

आठ दिवसांनी
चिखलातून सुईएवढं हिरवं.
साठातली एक्केचाळीस.

त्या रात्री मला चढलीच होती थोडी.
म्हटलं, बघा आलिंग, जो थांबतो तो वाचतो.
(तिचा रोडेल सात वर्षं जहाजावर आहे,
हे माझ्या लक्षात असायला हवं होतं.)
तिनं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.
"सतरावी ओळपण थांबलीच होती. सगळी कुजली.
आणि कंबोडियात एक भात आहे म्हणतात,
तो पाण्याबरोबर उंच होत जातो, आणि पिकतो.
पाणी तीन महिने हलणारच नसेल
तर थांबून काय करशील?
रोपाला पाणी मोजता येत नाही.
तुला येतं. मोज, आणि लिही."

मी लिहिलं. निबंध छापून आला.
अकरा नावं आहेत वर. तिचं शेवटी, आभारांत,
आडनावात एक अक्षर कमी.
तिनं पान प्रकाशात धरलं, कागद चांगला आहे म्हणाली.

आता सातव्या टाकीत मीठ घालतो आहोत.
आठवीत पाणीच नाही.

दुपारी तिनं जुनी एक पिशवी उघडली.
तेवीस फुलं छाटली होती, नऊ धरली.
बाकी पोचट.
तळहातावर घेऊन मला दाखवली:
तूस कापलेलं असतं ना,
म्हणून दाणा पुरता झाकला जात नाही,
टोक उघडं ठेवूनच भरतो.
हजार दाण्यांत मिसळला तरी ओळखू येतो,
ह्याला कुणाचा तरी हात लागलाय.