तीन टक्के

शंभर वॅट आत गेले,
सत्त्याण्णव बाहेर आले.
उरलेल्या तिनांचं पाणी कुठे मुरतंय
एवढंच शोधतेय मी दोन वर्षं,
साओ जोसेतल्या या बिनखिडकीच्या खोलीत.
इथून विमानं दिसत नाहीत,
फक्त टेबलावरची कॉफी
मधूनच थरथरते.

इंजिनाची वीज लहरी,
चढती, उतरती, कुणाचं न ऐकणारी.
पंखावरचा बर्फ वितळवायला ती एका मापाने लागते,
पायलटच्या पडद्याला दुसऱ्या,
मागच्या रांगेतल्या बाळाचं दूध कोमट करायला
आणखी वेगळ्या.
मधे आमची पेटी, चपलांच्या खोक्याएवढी.

पेटीत सहा खटके,
सेकंदाला लाखभर वेळा उघडमीट करणारे.
पूर्ण उघडा खटका तापत नाही.
पूर्ण मिटलेलाही फारसा नाही.
तापतो तो मधल्या क्षणात,
धड इकडे ना धड तिकडे असताना.
(माझ्या आईने वडिलांबद्दल हेच सांगितलं असतं,
पण तिला कुणी आलेख काढून मागितला नाही.)
शिवाय एकाने हात पुरता सोडल्यावरच
दुसऱ्याने धरायचा,
नाहीतर दोघेही जळतात.
म्हणून दोघांमधे मी ठेवलीय
शंभर नॅनोसेकंदांची शांतता.

हे सगळं कागदावर जमलं.
जमिनीवरही जमलं.
मग पेटी त्या लोखंडी पिंपात ठेवून
वाल्देसिरने हवा उपसायला घेतली.
आठ हजार मीटर. दहा. बारा.
हवा विरळ झाली की विजेला
उडी मारायला सोपं जातं.
त्याने दिवा मालवला
आणि काचेपलीकडे आम्हाला दिसला
एक जांभळा ठिपका,
तुळशीच्या मंजिरीएवढा.
सुंदर होता. तेवढ्यात वास आला नाही,
निर्वात पिंपातून वास येत नाही,
फक्त आकडे शून्यावर आले.

असं तीनदा.
ओतासिलियो म्हणाले, वरून आणखी लेप द्या.
लेप म्हणजे चाळीस ग्रॅम.
चाळीस ग्रॅमसाठी इथे माणसं
जेवणाच्या टेबलावरून उठून जातात.

चौथ्या दिवशी गुंडाळणीच्या खोलीतून जुरेमा आली.
सव्वीस वर्षं केसाएवढ्या तारा पिळतेय,
रविवारी गल्लीतले जळके पंखे
दहा-दहा रियालांत नीट करून देते.
तिने चष्मा कपाळावर सरकवला,
जळलेलं वेटोळं डोळ्यांजवळ धरलं.
सुंभ जळला होता,
पीळ तसाच होता.
"माझा पीळ ठीक आहे," ती म्हणाली,
"तुझ्या चित्रात कोपरा आहे."

होता.
काटकोनात वळवली होती मी तार,
कारण पडद्यावरच्या चौकटींना
काटकोन आवडतो.
आणि विजेलाही आवडतो कोपरा,
गर्दी करायला.

तिने माझ्या कपातला चमचा उचलला,
पुसला सुद्धा नाही,
त्याच्या दांड्याभोवती तार वळवली,
काढली, मला दिली.

त्या रात्री वाल्देसिरने दिवा मालवला
तेव्हा काचेपलीकडे अंधार होता.
आम्ही तिघं बराच वेळ अंधार पाहत बसलो.
इतका चांगला अंधार
मी आयुष्यात पाहिला नव्हता.

लेप कमी झाला, अकरा ग्रॅम वाचले.
तीनाचे पावणेतीन झाले.
पावणेतीन अजून आहेतच.
पेटीला हात लावला तर
नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या
खुर्चीसारखी लागते.

जुरेमा विमानात बसलेली नाही.
बहिणीकडे पियाउईला जायला
तिला दोन दिवस बस लागते, पाय सुजतात.
तिकीट काढू या का, मी विचारलं.
"आधी तुझे ते पावणेतीन सापडू देत," म्हणाली,
आणि डबा घेऊन साडेपाचच्या गाडीला धावली.

अहवालात सह्यांच्या तीन जागा आहेत:
आखणी, तपासणी, मंजुरी.
चौथी नाही, मी विचारून पाहिलं.
म्हणून नकाशात, वळणाच्या बाजूला,
मी आधी लिहिलं: चमच्याच्या दांड्याएवढं.
संगणकाने घेतलं नाही.
मग चमचा मोजला,
आणि लिहिलं:
त्रिज्या, ३.२ मिलिमीटर.