डाव्या हाताची तर्जनी

माझ्याकडे शाईची बाटली. तालुक्याला दोनदा शिकवलेलं:
डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या वरून पहिल्या पेरापर्यंत,
काडी बुडवायची, रेघ ओढायची, पुसू द्यायची नाही.

बोरीकाठचं गाव. अक्कलकोटहून दिवसाला दोनच यष्ट्या.
तिसरीच्या वर्गात केंद्र, बाकं भिंतीला लावलेली,
रात्री आम्ही त्यांच्यावरच झोपलो.

निंगव्वा कलशेट्टी, अनुक्रमांक चारशे बारा.
अंगठा उठवला नोंदवहीत, मग हात माझ्यापुढे धरला
तर अंगठ्याशेजारी जागाच मोकळी.
"कडबा कुट्टीत गेलं," ती म्हणाली, "इरण्णाच्या वस्तीवर.
वैरण ओली होती."
जशी काही चूक वैरणीचीच.

इरण्णा छत्री चिन्हावर उभा.
त्याचा पोलिंग एजंट यादीवर खुणा करत होता,
त्याचा पेन थांबला.

मी पुस्तिका उघडली.
तर्जनी नसल्यास डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट,
तेही नसल्यास उजवा हात,
बोटंच नसतील तर
हाताचं जे टोक उरलं असेल ते.
म्हणजे कुठल्याशा कचेरीत पंख्याखाली बसून
कुणीतरी सगळ्या कुट्ट्यांचा, गुऱ्हाळांचा
आधीच विचार करून ठेवला होता.

मधल्या बोटावर रेघ ओढली.
तिनं फुंकर घातली. "आता हे सांभाळायचं म्हणा की
पाच वर्सं."
एजंट हसला. मीही हसलो.

पुठ्ठ्याच्या आड ती फार वेळ राहिली.
रांग कुरकुरली. आजी, दाबा की बटण!
"तडी रे," आतून आवाज, "बघायलेय."
मग यंत्र लांब ओरडलं
आणि ती पदर सावरत निघाली, कुणाकडे न बघता.

संध्याकाळी शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
क्र. ४१२, मधले बोट.
केंद्राध्यक्ष म्हणाले, एवढं कशाला, कोण वाचतंय?
लाख वितळत होती, त्यांना घाई होती.

निकाल मी बार्शीत पेपरात वाचला, आतल्या पानावर,
सगळ्या तालुक्याचा मिळून एक परिच्छेद.
त्या गावाचं नाव छापलंय चुकीचं.
छत्री, नऊपैकी पाच.

बाटलीचं बूच सैल होतं.
माझी पाचही बोटं अजून जांभळी.
पोरं विचारतात, सर, कुणाला दिलं?
माझी मतपत्रिका टपालानं यायची होती.
आली नाही.
मी म्हणतो, सातचा पाढा काढा.