मळी

शिरोली एमआयडीसी. रात्रपाळी, तीन वाजून दहा.
भट्टी क्रमांक दोन, पंधराशे नव्वद.
केरबा पोवार निळी काच कपाळावर सारतो
आणि उघड्या डोळ्यांनी आत बघतो.
हे नियमात बसत नाही.
माझ्या वहीत त्यासाठी रकानाही नाही.

लेडलच्या बुडाशी या महिन्यात नवी वीट बसवलीय,
सच्छिद्र, तळहाताएवढी.
तिच्यातून आर्गॉन सोडायचा, हळू,
म्हणजे पोलादाच्या अंगातला हायड्रोजन
बुडबुड्यांच्या बोटाला धरून वर येतो
आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगला
टाचणीएवढी भोकं पडत नाहीत.
पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने फळ्यावर काढून दाखवलं.
केरबाने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला,
"भेंडी घातल्यागत."

इंजिनिअरने ते लिहून घेतलं नाही.

केरबाचा बाप वडणग्यात गुळव्या.
काहिलीत रस तापला की
ठेचलेल्या रानभेंडीचं बुळबुळीत पाणी आत,
आणि उसाची सगळी घाण त्याला चिकटून
काळपट फेस होऊन वर.
ती मळी झाऱ्याने ओढायची, ओढतच राहायची.
पाक झाला का, ते पाण्यात थेंब टाकून
बोटांत गोळी वळून बघायचं.
बोटं कायमची भाजलेली.

केरबाही ओढतो. लांब सळईने,
पांढरी पूड टाकली की स्लॅगची साय गोळा होते,
तो ती काठावर आणतो, झटकतो,
परत आत जातो सळई घेऊन.
अन्वर थर्मोकपल बुडवतो. चार सेकंद.
सोळाशे बारा.

नमुना माझ्याकडे येतो, अजून गरम.
मी तो घासते, यंत्राखाली ठेवते, ठिणगी.
कार्बन ठीक. मँगनीज ठीक. गंधक ठीक.
फॉस्फरस: शून्य पॉइंट शून्य चव्वेचाळीस.
चालतो पस्तीस.

पुन्हा घासते. पुन्हा ठिणगी.
चव्वेचाळीस.

आर्गॉनने तो जात नाही.
आमच्या भट्टीच्या अस्तराला तो काढता येत नाही.
कुठल्या तरी भंगारातून आला, वितळला, आता सगळीकडे आहे.
आज काही करणार नाही तो.
एखाद्या थंड पहाटे, कुठल्यातरी पाइपलाइनवर,
तडा होऊन बोलेल.

मगदूम साहेबांचा फोन:
"मागल्या हीटचा नमुना लाव की परत. सहाला गाडी हाय."
मागचा नमुना ट्रेमध्येच होता,
वरचा अंक खडूने लिहिलेला, सहज पुसला जाणारा.

केरबा दारात उभा. घामाने शर्टाचा नकाशा झालेला.
फोनबद्दल त्याने विचारलं नाही.
म्हणाला, "बापानं शेवटच्या दोन हंगामात
हायड्रॉस टाकली. मळी तशीच आत.
गूळ पिवळाधमक. शाहूपुरीत काय भाव मिळाला!"
थांबला. सळई भिंतीला टेकवली.
"घरच्यासाठी काळी ढेप येगळी काढायचा.
आमी पोरं ती खायचो. चांगली लागायची."

मग भट्टीकडे वळताना,
"काय लिवतीस ते लिव, पन लवकर लिव. तापमान उतरतंय."

मी लिहिलं: चार, चार.

पाव भट्टी साच्यांत ओतून टाकली, बिनकामाच्या विटा.
प्रेसशॉपची स्वच्छ कात्रणं आत गेली, अन्वर मोजत होता मोठ्याने.
दुसऱ्यांदा तापवायला पाऊण तास.
गाडीवाला गेटवर हॉर्न वाजवत राहिला.
मगदूम साहेबांनी पुन्हा फोन केला नाही,
याचा अर्थ मला सोमवारी कळेल.

पाच वाजता लेडलमध्ये आर्गॉन सोडला.
पृष्ठभाग एका जागी उकलला,
नारळाच्या डोळ्याएवढा,
आणि तिथून पोलाद श्वास घेतल्यासारखं हललं.

शेवटचा नमुना: चौतीस.
मी ओरडून सांगितलं.
"म्हंजे हाय अजून," केरबा म्हणाला.

हाय.