पुढची

कार्ड आलं परवा.
लॅमिनेट केलेलं, निळ्या फितीला टांगलेलं.
त्यावर माझा मागच्या वर्षीचा फोटो
आणि खाली: लाइन इनचार्ज, पॅकिंग.
पगारात साडेसातशे जास्त
आणि एक स्टूल.
कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये
आठ तास उभ्या असतात सगळ्या;
स्टूल म्हणजे काय ते
त्यावर बसणारीला कळत नाही.

आमच्या घरानं हे शब्द खालूनच बघितलेत.
आजा मिरजेला रुळांवर होता.
त्यांच्या टोळीवर मेट लाडलेसाब नदाफ.
मेट म्हणजे सोबती, हे मला सातवीत कळलं,
पळत येऊन आजाला सांगितलं
तर तो खोकला लागेस्तोवर हसला.
सोबती!
रजा मागायला गेलं की हा सोबती
रुळाकडं बघत बसायचा,
जणू रजा रुळानंच द्यायची.
मग हसू थांबवून म्हणाला,
पण एकदा मालगाडीपुढनं
गचांडी धरून ओढलं मला, ते त्यानंच.
आणि संध्याकाळी खाडा मांडला.
का?
हत्यार रुळावर टाकून आलो म्हणून.

चुलत्याच्या गिरणीत जॉबर होता, चन्नाप्पा.
गिरणी मिटली. चन्नाप्पा स्टँडमागं पंक्चर काढायला बसला.
तरी येणारेजाणारे म्हणायचे, काय जॉबर?
आणि हातातली ट्यूब सोडून
तो मान वर करायचा.

बाप मार्केट यार्डात, हळदीच्या पोत्यांखाली.
तिथं मुकादम.
मुकादम म्हणजे पुढं उभा केलेला.
कुणी उभा केला, ते शब्दात नाही.
कुणाच्या पुढं, तेही नाही.
अडत्याची शिवी आधी त्याला लागायची,
मग तो ती टोळीत वाटून द्यायचा
हिश्श्यानं,
शनिवारी हमाली वाटतात तशी.
स्वतःचा हिस्सा मात्र
घरी घेऊन जायचा म्हणे, बायकोला.

आणि त्याच यार्डात, पत्र्याच्या शेडमध्ये
माझी आई हळकुंडं निवडायची.
चौदा बायका.
कोण आली नाही, कुणाचं पोर तापलंय,
कुणाच्या पाटीत गड्डे मिसळलेत,
सगळं आईच बघायची. हजेरीची वहीसुद्धा.
पण तिला शब्द नव्हता.
मुकादमीण म्हणावं तर ती मुकादमाची बायको.
बायका आक्का म्हणायच्या.
दिवाणजी हाक मारायचे, ए पुढची!
आणि पावतीवर बाकीच्या तेरांसारखंच, निवडणार बाई.
बावीस वर्षं.
नखं अजून पिवळी आहेत.

तिला कार्ड दाखवलं.
डोळ्यांपासून लांब धरलं तिनं, मग जवळ.
इनचार्ज म्हंजे काय गं?
म्हटलं, जबाबदार.
कुणाला?
ते लिहिलं नाही, म्हटलं.
तिनं कार्ड उलटं केलं, माझ्यापुढं धरलं,
मागं काय लिवलंय ते वाच की.

हरवल्यास कंपनीस परत करावे.

आज सोमवार.
यास्मिन मुकादम दहा मिनिटं उशिरा आली.
आडनावच मुकादम, हुद्दा मदतनीस;
यावरून आम्ही दोघी चार वर्षं हसतोय,
एका डब्यात जेवतोय.
रजिस्टर माझ्यापुढं उघडं.
ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली,
ओढणीनं मानेवरचा घाम पुसत.
मी म्हणाले असते काहीतरी.
काय म्हणतात अशा वेळी, ते तोंडात येईना.
मी टेपच्या मशीनकडं बघत बसले,
जणू ते मशीनच ठरवणार होतं.

मग उठले. लाइनवर जाऊन
दोन खोकी उगाच सरळ केली.
वळून बघितलं तर
माझ्या स्टुलावर तिनं डबा ठेवला होता,
नेहमीसारखा,
माझ्या डब्याला चिकटून.
रजिस्टरचा तो रकाना
अजून कोराच आहे.
पाच वाजता साहेब सही करायला येतात.