भाग तेविसावा

अठराव्या भागापर्यंत मेहरूनं
कुणाला साधी चापटही मारली नव्हती.
मिरजेच्या गल्लीत, वाळत ठेवलेल्या भोपळ्यांत बसून
ती नुसती ऐकायची.
टिचकी मारून, कान लावून,
कुठल्या भोपळ्यात तंबोरा आहे
आणि कुठल्यात नुसतीच पोकळी.
एकदा तर सलग चार पानं
मी जवारी काढतानाची रेखाटली.
संवाद नाही. कानस, दोरा आणि तिचा कान.

मगदूम म्हणाले, बाई, चित्रं झकास.
पण कुपनं बघा.
टेबलावर ओतली. एकोणचाळीस.
त्यातली सहा माझ्याच अक्षरातली,
ते त्यांना कळलं असावं. बोलले नाहीत.
खिडकीतून मार्केट यार्डातली हळद आत येत होती.
"उजवीकडनं डावीकडं वाचायला लावलंत, लावलंत.
आता वाचणाऱ्याला कायतरी दावा की.
सांगली आहे ही. घाला पोरीला तालमीत."

एकोणिसाव्यात तिनं कपाळाला लाल माती लावली.
कारण मी एका रात्रीत जुळवलं :
आजोबांचा चोरीला गेलेला तंबोरा,
आणि मैदान मारेल त्याला तोच बक्षीस.
आठ पैलवान, आठही आडदांड.
स्वतःशीच हसले, आणि निब बुडवली.

आता हे कुणाला सांगितलेलं नाही :
हाताला ते आवडलं.
धोबीपछाड काढताना रेघा अशा सुटल्या
की वर्षभर ठणकणारा अंगठा
त्या रात्री गप्प होता.

एकविसाव्याला चारशे दहा कुपनं.
मगदूमांनी भडंग मागवलं, दोन माणसांत किलोभर.

खालच्या मजल्यावरचे आरग्याचे वस्ताद
पान लांब धरून म्हणाले,
"पोरगी खेळती झ्याक, पण कान खोटं हैत.
इतकी माती खाल्ल्यावर असं ऱ्हातंय व्हय?"
मग मोडले. आधी डावा.
अठरा भाग जपलेली ती पन्हळ
खोडरबरानं पुसली,
आणि जागेवर एक मिटलेली मूठ काढली.
चार तास लागले. दुसरा वीस मिनिटांत झाला.

कुपवाडहून एक पोस्टकार्ड.
सन्मती उपाध्ये, सातवी ब.
"फाइट एक नंबर.
पण भाग अकरामध्ये ती एक भोपळा
'नंतर बघते' म्हणून कोपऱ्यात ठेवते.
तो अजून तिथंच आहे का?"

आज तेविसावा. उपांत्य फेरी.
वर कवठ्याची शेवंता, नव्वद किलो.
मेहरू खाली, मोडका कान
शेवंताच्या बरगड्यांवर दाबलेला.
फुगा काढला. आत काही लिहिता येईना.
पुढच्या चौकटीत मेहरूचं बोट
त्याच बरगडीवर, टिचकी मारायच्या बेतात.

फोन वाजतोय. मगदूमच असणार,
फुगा रिकामा राहिलाय म्हणून.
राहिलाय की ठेवलाय,
मलाच नीट सांगता येणार नाही.
छपाई सहाला.
आत्ता पावणेपाच.